वकीलबाईंची साक्षीदार

पाटी दिसली की वकीलबाई थांबत आणि ती शेवटच्या ओळीपर्यंत वाचत. सिंगापूरमध्ये ही सवय असली की माणूस कुठेही वेळेवर पोचत नाही. लिफ्टमधली पाटी, ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत सायकल चालवू नये ही पाटी, एमआरटीत, म्हणजे मेट्रोत, उग्र वासाचं डुरियन फळ आणू नये ही पाटी. बिशान भागातल्या आमच्या ब्लॉकमध्ये त्या नवव्या मजल्यावर राहत, मी सहाव्या. बाजारातून परतताना मी दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ताटकळायची आणि त्या सगळं वाचून झाल्यावर म्हणायच्या, "लिहिलेलं वाचून टाकावं गं मेधा. मग न लिहिलेल्याची भीती कमी होते."

पुण्यात त्यांनी चौदा वर्षं वकिली केली होती. नवऱ्याला जुरोंग आयलंडवरच्या एका कारखान्यात नोकरी लागली तेव्हा काळा कोट कपाटात टांगून त्या डिपेंडंट पासवर इकडे आल्या. इथे वकिली करायची सोय नव्हती. कुणी "सध्या काय करता?" असं विचारलं की त्या पर्समधून पास काढून समोर धरत. "मी काय करते ते यावर नाही लिहिलेलं. कुणावर अवलंबून आहे तेवढं आहे." हसतच म्हणत, पण नंतर पर्सची चेन जरा जोरात ओढली जाई.

तरी अशील मिळत. आमच्यापैकी कुणाच्याही घराचा करार आला की तो आधी वकीलबाईंच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर जाई. "इथला कायदा मला येत नाही, वाचता मात्र येतं," असं म्हणून त्या चष्मा लावत. माझा घरमालक न सांगता किल्लीने दार उघडून आत यायचा. एकदा मी केस धुऊन बाहेर आले तर हा हॉलमध्ये पडदे तपासत उभा! त्या दिवशी मी रडतच नवव्या मजल्यावर गेले. वकीलबाईंनी करार मागवला, अकरावं कलम काढलं, मला चार ओळींचं पत्र सांगितलं. "कुठे लिहिलंय, एवढंच विचार. आवाज चढवायचा नाही." तो माणूस पुन्हा कधी बेल वाजवल्याशिवाय आला नाही.

त्या वर्षी त्यांचे वडील, अप्पा, तीन महिने राहायला आले होते. वाईकडचे निवृत्त शिक्षक. आतड्याच्या ऑपरेशननंतर त्यांच्या पोटाला कायमची पिशवी होती. शर्ट सैल, बटणं गळ्यापर्यंत. ती पिशवी मुलीशिवाय कुणाला दिसू नये एवढाच त्यांचा आग्रह. येताना विमानतळावर त्यांना तपासताना काहीतरी झालं होतं, त्यावर ते बोलत नसत. वकीलबाई मात्र बोलत. "तपासावंच. मलाही त्याच विमानात बसायचंय. पण तपासणाऱ्याच्या डोक्यावर चार कॅमेरे, आणि ज्याला तपासतात त्याने खिशातला फोनही काढायचा नाही. उद्या 'असं झालंच नाही' म्हणाले तर?" काही देशांत प्रवाशाला तपासणीचं चित्रण करता येतं, मशीनचा पडदा तेवढा टिपायचा नाही, असं त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांचे यजमान ताटावरून मान वर न करता म्हणत, "आमच्या कारखान्यात कॅमेऱ्याचा फोन फाटकावर जमा करूनच आत जावं लागतं. कुणाचं काही अडत नाही."

"तुमचं पोट उघडं करायला सांगत नाहीत ना," वकीलबाई म्हणाल्या.

जूनच्या सुट्टीत अप्पांना पोचवायला त्या निघाल्या. मीही त्याच विमानाने मुंबईला जात होते. तपासणी इथे अगदी गेटशी असते आणि पलीकडे काचेची खोली. एकदा आत गेलं की संडासलाही बाहेर यायचं आणि पुन्हा तपासून घ्यायचं. म्हणून अप्पा आधीच दोनदा जाऊन आले होते. रांगेत पुढे ते, मग वकीलबाई, मग मी.

यंत्राने अप्पांच्या पोटाशी काहीतरी दाखवलं. तिथला कर्मचारी विशीतला असेल, मागे रांग वाढत होती, तोही घाईत होता. त्याने बोटाने शर्ट वर करायची खूण केली. वकीलबाई इंग्रजीत म्हणाल्या, "यांना वैद्यकीय पिशवी आहे. खोलीत घेऊन चला." तो इथल्या धाटणीच्या इंग्रजीत म्हणाला, "क्विक वन ओन्ली, लाह." त्या पुन्हा म्हणाल्या, "खोलीत." दोनदा. मी मोजून ऐकलं. तेवढ्यात अप्पांनी, भांडण नको म्हणून, दोन्ही हातांनी स्वतःच शर्ट वर केला. आमच्या विमानाची सगळी रांग बघत होती. कुणाचं तरी पोर मोठ्याने म्हणालं, "मम्मी, व्हॉट इज दॅट?"

वकीलबाईंनी फोन काढला आणि चित्रण सुरू केलं.

लगेच एक वरिष्ठ बाई धावत आल्या. "मॅडम, इथे चित्रण करता येणार नाही."

"कुठे लिहिलंय?"

त्या बाईंनी हात केला. वकीलबाईंच्या उजव्या खांद्यामागेच पाटी होती, फोनचं चित्र आणि त्यावर लाल काट. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एक पाटी वाचली नव्हती, कारण त्या बापाकडे बघत होत्या. त्यांनी ती आता वाचली. पूर्ण वाचली. आणि फोन खाली घेतला.

दोघांना आत नेलं. जाताना त्या मला म्हणाल्या, "तू चढ विमानात." मी चढले. मुंबईपर्यंत त्यांच्या दोन रिकाम्या खुर्च्यांशेजारी बसून आले.

त्या बंद खोलीतलं मला नंतर कळलं. त्या वरिष्ठ बाईंनी अप्पांना पाणी दिलं, "अंकल ओके ऑर नॉट?" म्हणून विचारपूसही केली. पण पासपोर्ट टेबलावर होते आणि दाराशी माणूस होता. यजमानांचा फोन आला. "पुसून टाक. आत्ताच्या आत्ता. डिसेंबरात माझा नोकरीचा पास संपतोय, कळतंय का तुला?" सतरा सेकंदांचं चित्रण होतं. वकीलबाईंनी ते सगळ्यांसमोर पुसलं. विमान गेलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या विमानात अप्पा म्हणाले, "शर्टच वर केला ना? डॉक्टरांसमोर नाही का करत?" आणि मग अंगावरची शाल पुणं येईपर्यंत काढली नाही.

परतल्यावर वकीलबाईंनी तक्रार केली. चित्रणाबद्दल एक शब्द नाही. "ती चूक माझी, पाटी होती." तक्रार एवढीच, की खोली दोनदा मागितली आणि मिळाली नाही. तपासणीचं काम कंत्राटावर घेणाऱ्या कंपनीने कळवलं की त्यांच्या कॅमेऱ्यांत चित्र आहे, आवाज नाही. कुणी ऐकलं का?

मी ऐकलं होतं. वकीलबाईंनी मला न विचारता माझं नाव दिलं. विचारायची गरज त्यांना वाटली नाही.

मला ईमेल आला तेव्हा माझा पीआरचा, म्हणजे इथे कायम राहण्याच्या परवानगीचा, अर्ज तिसऱ्यांदा गेलेला होता. दोनदा नाकारलेला. आईला कळवून झालं होतं, या वेळी होणार म्हणून. एका खाजगी कंपनीच्या ईमेलचा माझ्या अर्जाशी काही संबंध नव्हता, हे आज कळतं. तेव्हा मात्र आपलं नाव कुठल्याही कागदावर नको, एवढंच डोक्यात घुमत होतं. मी तीन दिवस थांबले आणि लिहिलं: मी माझा ट्रे उचलत होते. नीट ऐकू आलं नाही.

पंधरा दिवसांनी वकीलबाई खाली आल्या. हातात उत्तराचा कागद. तक्रारीला दुजोरा मिळत नाही. मी चहा ठेवायला उठले तर म्हणाल्या, "बस. 'नीट ऐकू आलं नाही.' चांगलं वाक्य आहे. खोटं ठरवता येत नाही. मीही साक्षीदारांना हेच पढवलंय."

मी म्हटलं, "वकीलबाई, माझा अर्ज…"

"माहीत आहे. म्हणून तर बसले आहे, नाहीतर आलेच नसते."

चहा त्यांनी घेतला. शेवटच्या घोटापर्यंत घेतला, आणि मला त्या चहाइतकी लाज पुन्हा कशाचीच वाटलेली नाही.

डिसेंबरात यजमानांचा पास वाढला, त्याबरोबर वकीलबाईंचाही. "आणखी दोन वर्षं अवलंबून राहायची परवानगी," त्या म्हणाल्या, आणि फेब्रुवारीत एकट्याच परत गेल्या, अप्पांकडे आणि कोर्टात. ब्लॉकखाली टॅक्सी आली. मी बॅग ठेवायला पुढे झाले. "विमानतळावर येऊ नकोस," एवढंच म्हणाल्या. मग माझ्या गालावरून हात फिरवला, घाईघाईने, जसा लहान मुलीच्या फिरवतात.

मला पीआर मिळाला. पुढच्या वर्षी अप्पा गेले. ती बातमी आली त्या रविवारी मी कागद घेतला आणि मराठीत लिहून काढलं: रांग, त्या मुलाची खूण, दोनदा मागितलेली खोली, अप्पांचे हात. दोन पानं झाली. फोटो काढून वकीलबाईंना पाठवले. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला, मागे कोर्टाच्या आवारातला गलका.

"वाचलं," त्या म्हणाल्या. "आता कुठे दाखल करता येणार नाही."

"माहीत आहे."

"खाली सही नाही केलीस. सही कर आणि तारीख घाल. पण आजची. तेव्हाची नको."

मी सही केली. खाली आजची तारीख घातली.