मामांची ढगळ पँट

आमचे मामा पँट शिवायचे. गल्लीतल्या झाडून सगळ्या पुरुषांची कंबर त्यांना तोंडपाठ. कुणाचं पोट सुटलं की त्याच्या बायकोआधी मामांना कळायचं, आणि दुकानभर ऐकू जाईल असं ओरडायचे, "जेवण कमी कर रे, कापड पुरत नाही!" लाज म्हणून माहीत नव्हती माणसाला. म्हणजे दुसऱ्यांच्या बाबतीत.

स्वतःच्या अंडावर गाठ आली, वाटाण्याएवढी, तेव्हा गडी एकदम गप्प. दुखत नव्हती ना. मामांनी काय करावं? स्वतःची पँट पुढून जरा सैल बेतली. झाला इलाज! गाठ लिंबाएवढी झाली, मामांनी चुण्या वाढवल्या. गिऱ्हाईकं म्हणायला लागली, "नवी फॅशन वाटतं? आम्हालाही अशीच शिवा." बघता बघता अर्धी गल्ली ढगळ पँटी घालून हिंडायला लागली.

एकदा धुताना मामींनी पँट उलटीसुलटी करून बघितली.

"अहो, हे काय?"

"फॅशन."

"एकाच बाजूला?"

मग सगळं बाहेर आलं. मामींनी धरून दवाखान्यात नेलं, तर तिथं डॉक्टर बाई. मामा आल्या पावली परत. नंतर धाकट्या भावाला विचारलं. तो म्हणजे न शिकता झालेला डॉक्टर. म्हणाला, "पाणी भरलं असेल. कापायला गेलास तर पुरुष म्हणून उरशील का?" पुरुष म्हणून उरायचं, म्हणून मामा आणखी वर्षभर बसून राहिले.

शेवटी मोठ्या डॉक्टरांनी सांगितलं, पाणी नाही, हर्निया नाही, चरबीतला कॅन्सर आहे. तिथं होतो लाखांत एखाद्याला.

"ऐकलंस? लाखांत एक!" मामा म्हणाले.

"ते मला लग्नातच कळलं होतं," मामी म्हणाल्या, आणि तोंड फिरवून रडल्या.

ऑपरेशन झालं. पण तोवर कॅन्सर पोटात पसरला होता. मामा गेले.

माणसं भेटायला आली. भाऊ दाराशी उभा राहून प्रत्येकाला सांगत होता, "हार्ट. झोपेतच गेला." मामींच्या कानावर पडलं. डोळे पुसून सगळ्या पुरुषांसमोर म्हणाल्या, "हार्टबिर्ट काही नाही. अंडावर गाठ होती. वेळेत दाखवली असती तर बसले असते आज इथं." सगळ्यांच्या माना खाली. एकेक जण चपला शोधायला लागला.

भाऊ तेवढा गेला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी घुटमळत राहिला.

"वहिनी... दुखत नसली तरी दाखवायची का?"

मामी बघतच राहिल्या. रडू येतंय का राग, त्यांचं त्यांना कळेना.

"शर्ट बदला, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आत्ताच निघू."