चिंचेतली कडी

बाजारातल्या जुन्या चिंचेला नगरपालिकेने कुंपण घातले आहे. काल भाजी आणायला गेले, तर तिथे एक गृहस्थ पाहुण्यांना झाड दाखवत होते. "बुंध्यातली ही कडी बघा. हिला सरदारांचा घोडा बांधत." पाहुण्यांनी कडीचे फोटो काढले.

ती कडी माझ्या आईची आहे. आई कासारीण. जन्मभर ती बाजाराच्या दिवशी या चिंचेखाली बायकांना बांगड्या भरत बसली. बांगड्यांच्या माळा टांगायला तिने लोहाराकडून ती ठोकून घेतली होती. पुढे झाडाच्या सालीने ती अर्धी गिळली. गावातल्या कितीतरी नवरीमुलींचे हात इथे भरले. कुंपण घालताना मात्र आईला उठवले, तिच्या बांगड्यांच्या पेटीने झाडाची शोभा जाते म्हणे.

मी कुंपणातून हात घालून कडीला लावला.

"ओ बाई, हात काढा. ऐतिहासिक आहे ती," ते गृहस्थ ओरडले.

मी हात काढला. झाड माझ्यासारखेच आहे, चार माणसांत बोलत नाही. म्हणून त्याचा इतिहास कुणीही सांगावा. तो घोडा कुणीच पाहिलेला नाही, तरी त्याला चिंचेखाली जागा मिळाली. आईला साऱ्या गावाने पाहिले होते.

घरी येऊन आईला सांगितले. वाटले, ती रडेल.

"कडी माझी आहे, असं तिथे बोलली नाहीस ना?" तिने विचारले.

"नाही."

"बरं केलंस. बोलली असतीस, तर त्यांनी ती आजच उपटून टाकली असती."