मागच्या रांगेतली मार्तेझ

युरोपच्या गाण्यांच्या स्पर्धेसाठी माल्टाचं गाणं निवडायची रात्र आली की अख्ख्या बेटाच्या अंगात येतं. निवडणुकीनंतर एकमेकांचं तोंड न बघणारे लोक त्या रात्री एका टीव्हीसमोर बसतात आणि निकाल लागला की नव्याने भांडायला मोकळे होतात. गाणारे उदंड आहेत, पण त्यांच्या मागे उभं राहून कोरस धरणारे मोजकेच. म्हणून आमच्या सिज्जीवी गावची मार्तेझ एकाच रात्री तीन-तीन, चार-चार स्पर्धकांच्या मागे गायची. पुढच्या दोघांचं आपसात बोलणं बंद असलं तरी मागची मार्तेझ मात्र सामाईक. अंगात काळा पोशाख तोच, फक्त गळ्यातला रुमाल बदलायचा.

एरवी ती पावाच्या दुकानात गल्ल्यावर बसायची. तिचं खरं कसब असं होतं की ते कुणाला ऐकू आलं तर फुकट गेलं. तेव्हा वाद्यं टेपवर वाजत, पण गळा सगळ्यांना तिथल्या तिथेच लावावा लागे. पुढच्याचा सूर घसरायला लागला की मार्तेझ त्याच्या आवाजाखाली आपला आवाज अलगद सरकवायची. लोकांना वाटे, वा, काय गायला! दुसऱ्या दिवशी तो गायक दुकानात येई, एक पाव घेई आणि जाताना बदामाच्या मिठाईचा डबा तिच्यापुढे ठेवून जाई. कशाबद्दल, ते त्याने कधी सांगितलं नाही आणि हिने कधी विचारलं नाही. मला विचाराल तर बेटावरच्या निम्म्या नामवंतांनी तिला साष्टांग घालायला हवा होता. पण नामवंतांची कंबर तेवढी वाकत नाही.

त्या वर्षी तिची स्वतःची मुलगी इलेनिया अंतिम फेरीत आली. पोर जेमतेम एकोणीसची, आवाज गोड, स्वभाव मात्र बापाचा, म्हणजे एकदा अडलं की अडलं. गाण्याच्या शेवटी एक चढा सूर होता, लांब धरायचा. तिथेच गाणं जिंकणार किंवा बुडणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

फेरीच्या आदल्या आठवड्यात शेजारची चेन्सा पाव घ्यायला आली. चेन्साची जीभ म्हणजे पाव कापायची सुरी.

"मजा आहे बाई तुमची," ती म्हणाली. "पोरगी ओठ हलवणार आणि आई गाणार. घरच्या घरी सोय!"

दुकानातल्या बायका फिदीफिदी हसल्या. मार्तेझही कसनुसं हसली. आणि मग तिचं लक्ष दाराकडे गेलं. इलेनिया तिथेच उभी होती.

त्या संध्याकाळी इलेनियाने जेवणाला हात लावला नाही. ताटली बाजूला सारून ती म्हणाली, "मा, बाकी गाणं तू माझ्यामागे गा. पण शेवटच्या सुराला तोंड मिटायचं. सगळ्यांनी. तू तर नक्कीच."

"आणि नाही लागला तर?"

"तर नाही लागला. मी पडेन. पण मीच पडेन."

तिचा बाप साल्वू बस चालवायचा. घरातही तो समोर कुणी आडवं आल्यासारखाच बोले. "अगं, डोकं फिरलंय का तुझं? लोकांच्या पोरांना ही जन्मभर सावरत आली, आणि तुझी पाळी आली की हिने गप्प बसायचं?"

"हो. गप्प बसायचं. मा, शप्पथ घे."

"आपल्या गावच्या सॅन निकोलाची शप्पथ," मार्तेझ म्हणाली आणि बोटांचं चुंबन घेतलं. साल्वूने कपाळावर हात मारला.

तालमीत तो सूर दोनदा लागला आणि तिसऱ्यांदा चिरकला. मार्तेझने ओठ आवळून धरले. पोरीने मागे वळून बघितलं, आईचं तोंड मिटलेलं आहे याची खात्री केली आणि समाधानाने मान हलवली.

अंतिम रात्री सभागृह खच्चून भरलं होतं. गावचा बँड क्लब, म्हणजे वाजंत्री मंडळ, तीन बसा भरून आला होता, त्यातली एक साल्वूची. मार्तेझ आधी दोघांच्या मागे निळा आणि हिरवा रुमाल बांधून गाऊन आली. त्यातल्या एकाला नेहमीप्रमाणे सावरावं लागलं. ते तिने सावरलं, आणि ग्राझिएला नावाची तिची जोडीदारीण कानाशी पुटपुटली, "शत्रूला कशाला गं दूध पाजतेस?" मार्तेझने गळ्यातला रुमाल सोडला. पुढचा रुमाल लाल होता, इलेनियाचा.

कोरसवाल्यांना पुढच्याचा चेहरा कधी दिसत नाही, दिसते ती पाठ. मार्तेझ माणसांना पाठीवरून ओळखायची. इलेनिया छान गात होती. पहिलं कडवं गेलं, दुसरं गेलं, लोक डोलायला लागले. आणि शेवटच्या सुराआधी श्वास घेताना पोरीचे खांदे वर गेले.

पोटातून श्वास घेतला तर खांदे हलत नाहीत. हा श्वास वरवरचा होता, भीतीचा होता. पुरणार नव्हता.

सूर लागला खरा. पण दुसऱ्याच क्षणाला त्याच्या कडा थरथरायला लागल्या आणि तो खाली बसू लागला. बाकीच्या कोरसवाल्या ठरल्याप्रमाणे गप्प होत्या. मार्तेझला शप्पथ आठवत होती, अगदी शब्दन् शब्द आठवत होती. तरी तिचं तोंड उघडलं. तिचा आवाज पोरीच्या आवाजाखाली गेला, त्याने तो उचलून धरला, आणि सभागृहात तो सूर असा भरला की लोक खुर्च्यांवरून उठून उभे राहिले. तिकडे साल्वू ढसाढसा रडत होता.

इलेनियाने मागे वळून बघितलं नाही.

निकालाची वाट बघताना दोघी एकाच बाकावर बसल्या होत्या. पोरीचं अंग ताठ, नजर जमिनीवर. मार्तेझने तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तिने उचलून बाजूला ठेवला. परीक्षकांचे गुण आले, मग लोकांच्या फोनचे. शेवटी दोन नावं उरली, आणि त्यातलं इलेनियाचं पुकारलं गेलं. वरून कागदाचे सोनेरी तुकडे पडू लागले, जो तो तिला मिठी मारायला धावला. त्या गर्दीत इलेनियाने आईच्या कानाशी तोंड नेलं.

"कोण जिंकलं, मा?"

"तू."

"खोटं बोलू नकोस."

इतक्या वर्षांत हा प्रश्न तिला कुणी विचारलाच नव्हता. मिठाईचे डबे देणाऱ्यांनी नाही, आणि तिनेही स्वतःला नाही.

जिंकणाऱ्याने ते गाणं पुन्हा म्हणायचं, हा रिवाजच. कोरसवाल्या पायऱ्या चढायला निघाल्या, तेवढ्यात इलेनियाने आईच्या हातातला माइक काढून घेतला.

"तुम्ही सगळ्या खालीच थांबा," ती म्हणाली.

"अगं पोरी, असं नाही चालत!" रंगमंचाचा व्यवस्थापक धावत आला.

"जिंकलेय ना मी? मग चालतं."

ती एकटी वर गेली. मार्तेझ पडद्याच्या कडेला उभी राहिली. कडवी गेली, शेवट आला, आणि पोरीचे खांदे पुन्हा वर गेले. मार्तेझने तळहात तोंडावर गच्च दाबून धरला. सूर लागला, चढला आणि मधोमध फाटला. टेप काही थांबत नाही, वाद्यं पुढे निघून गेली. पोरगी तिथेच उभी, हात खाली, मान वर. अख्ख्या बेटाने ते ऐकलं. टाळ्या वाजल्या, पण जरा बिचकतच.

इलेनिया खाली आली. डोळे भरलेले होते, पण आता ती आईकडे सरळ बघत होती. "हा माझा होता," ती म्हणाली.

मार्तेझला रडू फुटलं. पोरीला वाचवायला गेले आणि तिचंच काहीतरी हिसकावून घेतलं, हे तिला लख्ख कळलं.

तेवढ्यात निवड समितीचे गृहस्थ हसतहसत आले. "मे महिन्यात परदेशी जायचं हं सगळ्यांनी! कोरसला मार्तेझ आहेच, प्रश्नच नाही."

ज्या स्पर्धेसाठी ती जन्मभर मागे उभी राहिली, तिथे तिला आजवर एकदाही नेलं नव्हतं. दर वेळी कुणाची बहीण जाई, कुणाची मैत्रीण जाई. समितीने आपणहून तिचं नाव घेतलं ते या खेपेलाच.

"मला नाही जमायचं," मार्तेझ म्हणाली. "ग्राझिएलाला घ्या. तिला गप्प राहता येतं."

गृहस्थ गोंधळून इलेनियाकडे बघू लागले. मार्तेझही बघत होती. पोरगी आता म्हणेल, असं काय करतेस मा, तू हवीसच. तिने एवढं म्हटलं असतं तर मार्तेझ त्याच पावली विमानात बसली असती.

इलेनियाने आईचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला. "ग्राझिएलाचं नाव लिहा," ती म्हणाली.