शमुवेल सर आणि ठकूबाईचा झरा

शमुवेल सर बोलायला उभे राहिले की आधी चपला काढायचे. वर्गात, लग्नात, ग्रामसभेतसुद्धा. आमचं गाव घोडेगावच्या वरच्या अंगाला. त्यात ख्रिस्ती घर एकच, सरांचं. त्यांनी आम्हाला गणित शिकवलं, पण डोक्यात राहिल्या त्या बायबलातल्या हिब्रू संदेष्ट्यांच्या गोष्टी. राजाला तोंडावर सुनावणारी ती माणसं. "आरतीला घंटा किती वाजली ते देव न्हाई इचारत," सर म्हणायचे, "विधवेच्या दारात काय केलं ते इचारतो."

ठकूबाई ही मेंढरं राखणारी विधवा. तिच्या जमिनीच्या तुकड्यात बारमाही झरा होता. खालच्या बागायतदारांनी ठरवलं, झऱ्याला लागून बोअर घ्यायचा आणि पाणी पाइपनं खाली न्यायचं. ती नको म्हणाली, म्हणून ग्रामसभेत ठराव आला. मी तेव्हा पंचायतीचा सदस्य होतो. माझाही दोन एकर टोमॅटो खालीच होता.

सर उभे राहिले. म्हणाले, दुबळ्याचा हक्क मोडणाऱ्या गावाला संदेष्टे एकच सांगत आले, की आज तिचा मोडला तर उद्या कुणाचाच टिकणार नाही. सरपंच हसले. "सर, ती वाळवंटातली माणसं. त्यांचं इथं काय?" सभाही हसली. ठरावाच्या बाजूनं मीही हात वर केला. सरांनी माझ्याकडे पाहिलं आणि खाली बसले.

बोअर झाला आणि दोन उन्हाळ्यांत झरा आटला. ठकूबाई मेंढरं घेऊन भावाकडे पिंपरी पेंढारला गेली, तिथंच वारली. मग ज्याचा जोर त्याचा बोअर, शेजाऱ्यापेक्षा खोल. एकमेकांचे पाइप तुटू लागले. माझा तोडला तेव्हा मी पंचायतीत गेलो. सरपंच शांतपणे म्हणाले, "भाऊ, जोर असंल त्याचं पाणी, हे तुमीच हात वर करून ठरवलं व्हतं." माझ्या बाजूनं कुणी बोललं नाही.

सर तोवर अंथरुणाला खिळले होते. मी जाऊन म्हणालो, "सर, तुमचं खरं झालं." वाटलं, रागावतील, किंवा त्यांना थोडं बरं तरी वाटेल. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं.

"ते संदेष्टेबी याच्यासाठीच रडायचे रं. मला खोटं ठरायचं व्हतं."

त्याच महिन्यात ते गेले. कबर खणायला आम्ही चौघं होतो. पहार आत शिरेना. शेवटी टँकरचं पाणी ओतून जमीन भिजवावी लागली.