घरचा कोहळा

“हलू नकोस! बसलीय ती.”

गच्चीवर पाऊल टाकलं की काकांचा हात आडवा यायचा. ‘ती’ म्हणजे मधमाशी. कोहळ्याच्या पिवळ्या फुलासमोर स्टूल टाकून हा सत्तरीचा माणूस पहारा देत बसे. असा एखादा तुमच्याही शेजारी असेल.

इकडे उत्तरेत, खासगी बाजार नावाच्या पेठेतल्या आमच्या इमारतीत ते वरच्या मजल्यावर राहत. घराणं शिलेदारांचं. नवमीला देवीपुढे तलवारीने कोहळा कापायचा, तोही घरच्या वेलाचाच, ही त्यांची रीत. वेल गच्चीवरच्या पिंपात.

“हे नर फूल, ही मादी. तिच्या मागे इटुकला कोहळा दिसतो ना? नराचा पराग मिळाला नाही तर तो गळतो. फुलाला चालता येतं काय? म्हणून हा रंग, ही मधाची लाच. माशी प्यायला येते, पराग अंगाला फासून दुसरीकडे जाते. तिला पताच नाही, केवढं काम केलं!”

पाण्याच्या टाकीखाली पोळं होतं. माझ्या बायकोला माशी चावली आणि मी औषध मारणारा बोलावला. काकांना विचारलंसुद्धा नाही.

मग फुलं रोज उमलायची आणि तशीच मिटायची. गळलेले इटुकले कोहळे काका माझ्या दारात आणून ठेवत. माझं डोकं फिरायचं.

“नया बाजारातून आणा ना एक!”

“आमचे पणजोबा काय तलवारीने बाजारची सब्जी चिरत होते रे?”

शेवटी हाताने पराग लावायचं ठरलं. पण त्यांची बोटं थरथरत. दोन फुलं मोडली. “तू लावून दे यार. सकाळीच हं, दुपारपर्यंत मिटतं ते.”

मी म्हटलं, रविवारी येतो. फुलाला कसला रविवार! शनिवारीच उमललं. काकांनी दार वाजवलं तेव्हा मी ऑफिसच्या घाईत होतो.

“कल पक्का, काका.”

“अरे, कल ते नसतं!”

वेलावरची ती शेवटची मादी होती.

नवमीला बाजारचा कोहळा आला. काकांनी तलवार मुलाच्या हातात दिली आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. मी खाली येऊन बायकोवर उगाच ओरडलो. राग माझा मलाच आला होता.

थंडीत काका गेले.

यंदा मी वेल लावला. रोज सकाळी ऑफिसआधी फुलाला फूल लावलं. तीन कोहळे धरले. अष्टमीला सगळ्यांत मोठा खांद्यावर घेऊन वर गेलो. काकांच्या सुनेने दार उघडलं.

“अरे दादा, एवढा मोठा! पण आम्ही तर कापणं बंद केलं ना. बाबांच्या नंतर कोण करणार?” ती ओशाळून हसली. “पेठा बनवू याचा? तुमच्याकडेही पाठवते.”

मी हो म्हटलं.