मावशीचं गाणं चुकलं

मुलांच्या वॉर्डातल्या मावशीचं काम तसं स्ट्रेचर ढकलण्याचं. पण वॉर्डापासून ऑपरेशनच्या दारापर्यंतच्या लांबलचक बोळात ती प्रत्येक पोराला एक गाणं म्हणायची, स्वतः जुळवलेलं:

दिवा निजला, वारा निजला,
दाराशी हा पाऊस निजला,
सावली म्हणे, ये कुशीला,
सकाळ बसली उशाला.

आईबापांचे हातपाय गळालेले असत, पोरं मात्र गुमान जात. एकदा एका नर्सने चिडवलं, "मावशी, दिवा विझला म्हणा की. दिवा कधी निजतो का?"

मावशी उसळलीच. "विझलेला पुन्हा लागेल याची खात्री काय? निजलेला उठतोच. आणि काळोख म्हणू नये, सावली म्हणावं. सावली कुणाची तरी असते. काळोखाला कोण धनी?"

गाण्यातल्या शब्दांबाबत बाई अशी चोखंदळ. एरवी तिच्या जिभेला हाड नाही, हे सगळा वॉर्ड जाणून होता.

मग एके सकाळी स्ट्रेचरवर तिचीच नात आली. लेकीची मुलगी, सहा वर्षांची, हृदयाला जन्मापासून छिद्र. रडली की ओठ निळे पडायचे. डॉक्टरांनी बजावलं होतं, "दारापर्यंत तिला रडू द्यायचं नाही. आत्ता दम लागला तर अवघड होईल."

लेक म्हणाली, "आई, तूच ने तिला. तुझ्याकडे कुणी रडत नाही."

मावशीने हो म्हटलं. आजवर किती आयांना "काही होत नाही हो" म्हणून दटावलं असेल तिने! आता स्वतःच स्ट्रेचरची दांडी घट्ट धरून उभी होती, पुढे ढकलायचं सोडून. लोका सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय!

बोळ सुरू झाला. तिने गाणं धरलं.

"दिवा विझला, वारा पडला,
दाराशी हा पाऊस रडला,
काळोख म्हणे, ये कुशीला..."

तिथे तिचं तिलाच ऐकू आलं. चाल तीच होती, गाणं मात्र ते राहिलं नव्हतं. नातीचा खालचा ओठ थरथरायला लागला. कडेने निळसर.

"आजी, काळोख कुठाय? आत आहे?"

"नाही गं सोन्या, चुकलं माझं. सावली... सावली म्हणे..."

पुढचं आठवेना. तोंडात येत होते ते नुसते विझण्याचे, बुडण्याचे, तुटण्याचे शब्द. मावशी भ्यायली होती, आयुष्यात कधी भ्यायली नव्हती इतकी. तिने दात आवळले आणि स्ट्रेचर पुढे ढकललं. चाकं तेवढी करकरत राहिली.

नात खालून तिच्याकडे बघत होती. "आजी, तुला भीती वाटतेय?"

मावशीने एखादा मऊ शब्द शोधला. सापडला नाही. "हो गं बाळा. खूप."

पोरीचा ओठ थरथरायचा थांबला. दोघींपैकी एकीनेच रडायचं असेल तर आपला नंबर नाही, असं तिला वाटलं असावं. तिने चादरीतून हात काढून आजीच्या मनगटावर ठेवला. दार उघडलं, हिरव्या कपड्यांतली नर्स पुढे झाली.

"मी आत डोळे मिटते," नात म्हणाली. "तू बाहेर उघडे ठेव."

दार लागलं. लेक धावत आली. "रडली का गं?"

मावशीने नाही म्हणून मान हलवली आणि दारासमोरच्या बाकावर बसली. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. लेकीने रुमाल पुढे केला, तर तिच्यावरच खेकसली. पुसायचे तर डोळे मिटावे लागले असते.