पायाले हात लावू नका

त्या दिवशी ऊन असं की अंगणातली लोखंडी बाज हाताले चटके देत होती, अन् वारा नावाले नव्हता. बायामाणसं कुरडया घालून राह्यली होती. गव्हाचा उकळता चीक उतरवताना पातेलं कललं, अन् आमची मंडळी, कमल, कंबरेपासून गुडघ्यापर्यंत भाजली. शेजारच्या गफूरनं त्याच्या ऑटोत घालून देऊळघाटहून बुलढाण्याले नेलं.

मग जळीत वार्डातच मुक्काम. तिथं दुसरं काय करता? पंख्याखाली बसा, किस्से आपोआप गोळा होतात. हसायचे कमीच. तरी सांगतो.

*

सिस्टर रोज पोटात इंजेक्शन द्यायची. कमल म्हणे, "भाजली मांडी, अन् सुई पोटात? काऊन वं बाई?"

"आजी, भाजलेलं माणूस पडून राहिलं की पायात रक्ताची गाठ धरते. ती छातीत गेली की जिवावर येतं. म्हणून सुई. अन् पायाचे पंजे हलवत जा."

कमल माह्याकडं पाहून म्हणे, "घ्या! चिकानं सोडलं, तं आता रक्त धरते!"

*

बाजूच्या खाटेवर नांदुऱ्याचा एक हमाल, गॅस पेटून भाजलेला. सिस्टर म्हणे, "दादा, थोडं चाला." तो म्हणे, "जिंदगीभर पोते वाह्यले बाई, आता तं पडू द्या!" सारा वार्ड हसला.

जखमा भरत आल्या होत्या त्याच्या. एका सकाळी उठून बसला, छातीवर हात ठेवला, अन् गेला. त्याची बायको डॉक्टरले सारखी इचारे, "पन जखम तं भरली होती ना हो?"

तवापासून कमल झोपेतही पंजे हलवे.

*

तरी तिची डावी पोटरी सुजलीच. सोनोग्राफीत गाठ निघाली. औषध वाढलं. सिस्टर मले म्हणे, "बाबा, हा पाय कोणी चोळायचा नाही, दाबायचा नाही. गाठ सुटून छातीत जाईल."

आता आमच्याकडं आजाऱ्याले भेटाले आलेलं माणूस हात कुठं ठेवीन? पायावरच! सुलतानपूरची साळी आली, अन् रडत रडत सरळ पोटरी दाबाले बसली. मी ओरडलो, "दाबू नको!"

"बहिणीची सेवाही करू देत नाही काय हो भाऊजी?" रुसून डबा परत घेऊन गेली!

मग मी पायथ्याशीच बसलो. जो येई त्याले आडवा हात. लोकं बाहेर जाऊन म्हणत, "म्हातारा बायकोचे पाय राखून राह्यला बे!"

कमल चादरीत तोंड घालून हसे. "राखा, राखा. लग्नात तं माह्याकडं पाह्यलंही नव्हतं!"

*

एका दुपारी तिनं चहा मागितला. मी कप घेऊन आलो, तं तिले दम लागला होता. डॉक्टर धावले, सिस्टर धावली. गाठ छातीत पोचली होती.

घरी आणली. अंगणात निजवली. मी पायथ्याशी बसलो. साळी आली, तिच्यामागं साऱ्या बाया. वाकल्या, अन् तशाच थांबल्या.

गफूर माह्याजवळ येऊन खाली बसला. हळूच म्हणे, "भाऊ, आता हात काढा. पाया पडू द्या लोकायले."